गाडी थांबते, आपण थांबत नाही

सकाळचे पावणेसात. आमच्या घरात ही वेळ म्हणजे रोजची धांदल. नववीतली नात आईकडून वेणी घालून घेता घेता धडा म्हणत होती. "वस्तूवर बाहेरून असंतुलित बल लागले नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने चालतच राहते. हा न्यूटनचा पहिला नियम. यालाच जडत्वाचा नियम म्हणतात." एका दमात, शब्दही न चुकता. मग माझ्याकडे वळून, "आजोबा, बरोबर?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे घरात हे परीक्षकाचे काम माझ्याकडे आहे.

दहा मिनिटांनी मी गॅलरीत उभा होतो. खाली मुलाने स्कूटर सुरू केली. नात दप्तर सावरत मागे बसली आणि साडेतीन वर्षांचा नातू पुढे, बापाच्या दोन हातांच्या मध्ये, हँडल धरून उभा राहिला. हेल्मेट एकट्या बापाच्या डोक्यावर. "अरे, त्याला पुढे उभा नको करूस," मी वरून ओरडलो. "बाबा, नाक्यापर्यंत तर जायचंय!" उत्तर माझ्यापर्यंत पोहोचेतो स्कूटर वळणाआड गेलीसुद्धा.

पहिला नियम तोंडपाठ असलेली बहीण आणि त्या नियमाच्या तोंडी उभा असलेला भाऊ एकाच स्कूटरवरून गेले आणि तिला त्यात काहीच वावगे वाटले नाही. दोष तिचा नाही. हा नियम मी स्वतः शेकडो मुलांकडून असाच पाठ करून घेतला आहे. रिकाम्या जागा भरा, शास्त्रीय कारणे द्या, दोन गुण मिळवा. नियम वहीत राहिला, रस्त्यावर आलाच नाही. मुलाला त्या सकाळी मी आणखी काही बोललो नाही, त्यालाही एक कारण आहे. ते ओघात येईलच.

बैलगाडी आणि कॅरम

न्यूटनचा पहिला नियम पाठ करायला सोपा आणि पटायला फार अवघड. कारण आपले मन बैलगाडीत वाढलेले आहे. बैल ओढतात तोवर गाडी चालते, बैल थांबले की गाडी थांबते. यावरून कोणीही शहाणा माणूस काय म्हणेल? गती हवी असेल तर सतत जोर लावत राहायला हवा. जोर संपला की गती संपली. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल हेच म्हणत होता. धनुष्यातून सुटलेला बाण पुढे कसा जात राहतो, हा प्रश्न आला तेव्हा त्याने हवेलाच कामाला लावले. बाणाभोवतीची हवा त्याला पुढे ढकलत राहते, असे त्याचे उत्तर होते. हा विचार जवळजवळ दोन हजार वर्षे टिकला. तो मूर्खपणाचा होता म्हणून टिकला नाही, रोजच्या अनुभवाशी जुळत होता म्हणून टिकला.

आता बैलगाडीतून उतरून कॅरमच्या बोर्डाकडे या. बोर्ड नुसता पुसलेला असेल तर टिचकी मारलेला स्ट्रायकर समोरच्या कडेपर्यंत कसाबसा पोहोचतो. त्यावर चिमूटभर बोरिक पावडर टाका. तेवढ्याच टिचकीत तो कडेला आपटून परत आपल्याकडे येतो. पावडरीने स्ट्रायकरला ढकलले का? नाही. पावडरीने फक्त एक अडथळा कमी केला. म्हणजे मघाशी स्ट्रायकर थांबला तो जोर संपला म्हणून नव्हे. घर्षणाने त्याला थांबवले म्हणून. घर्षण आणखी कमी केले तर तो आणखी दूर जाईल. अजिबात नसेलच तर?

हा 'तर?' इटलीत गॅलिलिओने विचारला. त्याचा युक्तिवाद घरी एक गोटी आणि दोन फळ्या घेऊन करून बघता येतो. एका उतरत्या फळीवरून सोडलेली गोटी समोरच्या चढत्या फळीवर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. समोरचा चढ कमी केला तर तीच उंची गाठायला गोटीला जास्त लांब जावे लागते. चढ आणखी कमी करा, ती आणखी लांब जाईल. आणि समोरची फळी अगदी आडवी केली तर? उंची कधी गाठलीच जाणार नाही, म्हणजे गोटीला थांबायला कारणच उरणार नाही. गॅलिलिओचे गतीवरचे पुस्तक १६३८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले आणि हाच विचार पहिल्या नियमाच्या जागी बसवला.

बोरिक पावडरीचीही गरज नसलेला एक बोर्ड आपल्या डोक्यावर आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेले 'व्हॉयेजर १' हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. त्याला पुढे ढकलणारे कोणतेही इंजिन चालू नाही. थांबवणारे काही वाटेत नाही, म्हणून ते जाते आहे.

मग बैलांचे काय? सपाट रस्त्यावर संथ लयीत गाडी चाललेली असते तेव्हा बैल जो जोर लावतात तो नुसता चाकांच्या आणि रस्त्याच्या घर्षणाला पुरून उरण्यापुरता असतो. गतीसाठी बल लागत नाही, गती बदलण्यासाठी लागते. ही एक ओळ मनात पक्की बसली की बाकीचे सारे तिच्यामागून येते.

फेकतो कोण?

एसटीत उभे राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाने पहिल्या नियमाचे प्रात्यक्षिक तिकीट काढून केलेले असते. कंडक्टर दोनदा घंटी देतो, गाडी निघते आणि उभी माणसे मागच्या माणसाच्या अंगावर रेलतात. पुढे कुठे ब्रेक लागला की सगळी गर्दी ड्रायव्हरच्या दिशेने झुकते. घाटातल्या वळणावर खिडकीशी बसलेला माणूस खिडकीवर दाबला जातो. आपण काय म्हणतो? "ब्रेक लागला आणि मी पुढे फेकलो गेलो." पण फेकले कोणी? बसमध्ये फेकणारा कोणी नसतो. आपले शरीर आपल्या आधीच्याच वेगाने जात राहिले. थांबली ती पायाखालची बस. वळणावर बस वळली. आपण सरळ चाललो होतो, मध्ये खिडकी आली.

शेतात पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण आठवा. दगड डोक्याभोवती गरगर फिरतो आणि दोरी सुटली की वर्तुळ सोडून सरळ रेषेत निघून जातो. त्याला वर्तुळात ठेवणारी दोरी होती. ती गेल्यावर दगडाने तेच केले जे करायची त्याची प्रत्येक क्षणी तयारी होती: सरळ जाणे.

अडचण अशी की वाहनात आपल्याला आपला वेग जाणवतच नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात नावेचा दाखला दिला आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. पृथ्वी फिरते आणि तारे फिरताना दिसतात, हे सांगण्यासाठी तो दाखला होता. पण त्यातली खोच आपल्या रोजच्या प्रवासालाही लागू पडते. जो बसमध्ये बसला, तो स्वतःला 'बसलेला' समजतो. तो खरे तर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने चाललेला असतो. आसन, वही, पाण्याची बाटली, मांडीवरचे मूल, सगळे त्याच वेगाने. गाडी थांबली की यातल्या प्रत्येकाला वेगवेगळे थांबवावे लागते. गाडीचा ब्रेक फक्त गाडीला असतो.

झेलणारे हात

आता प्रश्न येतो, थांबवायला किती बल लागते? इथे दुसरा नियम येतो. मुले तो 'बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण' असा सूत्ररूपात म्हणतात. घरगुती भाषेत त्याचा अर्थ असा: वस्तू जितकी जड आणि जितकी वेगवान, तितके तिला थांबवायला बल जास्त, आणि थांबवायला जितका वेळ मिळेल, तितके ते बल कमी.

क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. झेल घेताना तो हात चेंडूबरोबर मागे नेतो. हिशेब करून बघा. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हात ताठ ठेवून तो एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला, तर तळव्यावर सरासरी ३२० न्यूटन बल येते. एक न्यूटन म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचे, एखाद्या लहान सफरचंदाचे वजन. तेव्हा हे झाले सुमारे ३२ किलोचे ओझे. हात मागे नेऊन तोच चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला की ओझे सव्वातीन किलोवर येते. चेंडू तोच, वेग तोच. फक्त वेळ दहापट झाला.

बांधकामावर खालून वर विटा फेकणारे आणि झेलणारे गडी याच्याही पुढे गेलेले असतात. खालचा गडी वीट अशा बेताने वर टाकतो की वरच्याच्या हाताशी येईपर्यंत तिचा वेग जवळजवळ संपलेला असतो. वर जाणे संपले आहे आणि खाली येणे सुरू व्हायचे आहे, त्या क्षणी वरचा गडी ती फुलासारखी उचलून घेतो. थांबवायला काही उरलेलेच नसते, म्हणून हाताला काही लागत नाही. यातल्या कित्येकांनी शाळेची पायरी चढलेली नसते, पण गतीचे गणित त्यांच्या हातात असते.

आता हेच गणित मोटारीच्या पुढच्या आसनावर बसलेल्या आईच्या मांडीवर आणा. बाळ दहा किलोचे. मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चाललेली. शहरात हा वेग कोणाला वेगही वाटत नाही. मोटार समोरच्या गाडीवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळालाही तेवढ्यात थांबवण्यासाठी आईला सुमारे एक हजार न्यूटन बल लावावे लागेल. म्हणजे शंभर किलोचे, क्विंटलभर धान्याचे पोते, पापणी लवते न लवते एवढ्यात दोन हातांवर पेलायचे. "मी घट्ट धरून बसते," असे म्हणणाऱ्या आईच्या मायेबद्दल शंका नाही. पण माया न्यूटनमध्ये मोजता येत नाही.

आसनाचा पट्टा, हेल्मेट आणि मोटारीचा चेपणारा पुढचा भाग ही सगळी झेल घेणाऱ्या हातांची भावंडे आहेत. आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये निल्स बोहलिन या अभियंत्याने तयार केला. तो माणसाला गाडीबरोबर बांधतो, म्हणजे गाडीला थांबायला जितका वेळ मिळाला तितका माणसालाही मिळतो. शिवाय बल खांदा, छातीचा पिंजरा आणि कंबरेचे हाड अशा मजबूत जागांवर वाटले जाते. हेल्मेटचे बाहेरचे कवच सगळ्यांना दिसते. पण डोक्याला वेळ मिळवून देतो तो आतला थर्माकोलचा थर. डोके थांबायला दोन मिलिमीटरऐवजी दोन सेंटिमीटर मिळाले की बल एक दशांशावर येते. हा थर चेपून काम करतो आणि एकदा चेपला की त्याचे काम संपले. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी बदलायचे असते. "पूर्वीच्या गाड्या कशा दणकट पत्र्याच्या होत्या, वाकायच्या नाहीत," असे माझ्या वयाची माणसे अभिमानाने सांगतात. गाडी वाकली नाही की वाकण्याची पाळी आतल्या माणसावर येते, हे आम्हाला उशिरा कळले.

तीन टाके

आता ते राहिलेले कारण सांगतो. १९८८ सालची गोष्ट. माझा मुलगा, आज ज्याने नातवाला पुढे उभा केला तोच, तेव्हा चार वर्षांचा होता. मीही त्याला स्कूटरवर पुढे उभा करायचो. त्याला वारा आवडायचा आणि मला त्याचा आनंद. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना गल्लीच्या तोंडाशी कुत्रे आडवे आले. मी ब्रेक दाबला. वेग फार तर ताशी वीस किलोमीटर असेल. रस्त्याने चाके धरली, चाकांनी स्कूटर धरली, मी हँडल धरले होते, पाय टेकले, सावरलो. माझ्यापुढे उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराला धरणारे काहीच नव्हते. त्याच्या इवल्याशा मुठी होत्या, त्या सुटल्या. तो पूर्वीच्याच वेगाने पुढे गेला आणि त्याला हँडलच्या मधल्या लोखंडी भागाने थांबवले. हनुवटीखाली तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं."

घरी, शेजारीपाजारी, शाळेत मी सगळ्यांना एकच सांगितले, "कुत्रं आडवं आलं." बिचारे कुत्रे केव्हाच पळून गेले होते, ते खुलासा द्यायला येणार नव्हते. पुढच्याच आठवड्यात वर्गात जडत्वाचा धडा आला. मी फळ्यावर बस काढली, प्रवासी काढला, बाण काढला आणि मुलांना शास्त्रीय कारण विचारले. तेव्हाही मला त्या धड्यात माझा मुलगा दिसला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. कुत्रे हे निमित्त होते. कारण फळ्यावर होते.

म्हणून त्या सकाळी मी गॅलरीत गप्प राहिलो. ज्याच्या हनुवटीखाली माझ्या चुकीची खूण आहे, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

जमिनीचा आधार

तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, कारण तो भाषणातही वापरतात. प्रत्येक क्रियेला तितकीच आणि विरुद्ध दिशेने प्रतिक्रिया असते. वर्गात यावर एक तरी चुणचुणीत मुलगा विचारायचाच, "सर, बैल गाडीला ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर गाडी हलते कशी?" उत्तर असे की ही दोन बले एकाच वस्तूवर नसतात. गाडीवर बैलाची ओढ आहे आणि चाकांचे घर्षण आहे. ओढ जास्त झाली की गाडी हलते. बैलावर गाडीची मागे ओढ आहे. पण बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. खरे तर बैलाला जमीन चालवते. चिखलात खूर सरकू लागले, जमीन रेटेनाशी झाली, की तोच बैल तीच गाडी तसूभर हलवू शकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून चालताना आपला पाय सटकतो, तेव्हा जमिनीने आपल्याला रेटायचे नाकारलेले असते.

रेटायला काहीतरी समोर हवे, हा समज इतका खोल असतो की मोठमोठे त्यात फसले. अमेरिकेतले रॉबर्ट गोडार्ड रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे म्हणाले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १३ जानेवारी १९२० च्या अंकात त्यांची खिल्ली उडवली: निर्वात पोकळीत रॉकेट रेटणार कशाला? पण रॉकेट हवेला रेटत नाही. ते स्वतःच्याच पोटातला तप्त वायू मागे फेकते आणि तो वायू रॉकेटला पुढे ढकलतो. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून द्या, तोच प्रकार. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने चूक कबूल केली. गोडार्ड तोवर हयात नव्हते.

आपण मात्र रॉकेटमध्ये बसत नाही. आपल्याला निघायला, वळायला आणि थांबायला रस्ताच लागतो. आणि दुचाकीच्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढाही नसतो. तेवढ्यावर आपले सगळे कुटुंब थांबायचे असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन ही पकड आणखी ढिली होते. वर्गात आम्ही घर्षणाला नेहमी खलनायक करतो, 'घर्षण कमी करण्याचे उपाय लिहा' म्हणतो. रस्त्यावर आपला जीव याच खलनायकाच्या हाती असतो.

दुप्पट वेग, चौपट किंमत

यात एक हिशेब असा आहे की जो प्रत्येक घरात रोजच्या तारखेच्या कॅलेंडराशेजारी लिहून ठेवावा. कोरडा रस्ता, बरे ब्रेक. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यावर साधारण १० मीटरमध्ये थांबते असे धरू. वेग दुप्पट, ७२ केला तर किती लागतील? वर्गात हमखास उत्तर यायचे, वीस. खरे उत्तर चाळीस. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या एका सेकंदात पहिले वाहन १० मीटर आणि दुसरे २० मीटर पुढे गेलेले असते. एकूण झाले २० आणि ६०. घाईत असलेला माणूस दुप्पट वेगाने पोहोचायची आशा करतो आणि थांबायला तिप्पट रस्ता मागतो.

आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर उंचीत बघा. उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग किती असेल, हे नववीतले गणित सांगते. ताशी ३६ चा वेग म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येणारा वेग, पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याहूनही वरून. ताशी ७२ म्हणजे सुमारे २० मीटर, म्हणजे सहाव्या मजल्याच्याही वरून. माझ्या त्या संध्याकाळच्या ताशी वीसचे झाले दीड मीटर. आपले मूल गॅलरीच्या कठड्यावर चढलेले दिसले तर आपण किंचाळत धावतो. तेच मूल स्कूटरवर पुढे उभे असते तेव्हा ते त्याच कठड्यावर असते. फक्त उंची उभी नसते, आडवी असते, म्हणून ती दिसत नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. खड्डे, दारू, अंधार, चुकीच्या बाजूने येणारी वाहने, अशी कारणे अनेक असतात. पण शेवटच्या दशांश सेकंदात प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच असतो: या शरीराला कोण थांबवणार, आणि किती वेळात? कायद्यालाही आता हे उमगले आहे. २०२२ मध्ये निघालेल्या केंद्रीय नियमानुसार दुचाकीवरच्या चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांच्या पुढे मापाचे हेल्मेट हवे आणि मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. हे कलम न्यूटनच्या नियमांचे सरकारी भाषांतर म्हणायला हरकत नाही.

रविवारचा प्रयोग

गेल्या रविवारी मी दोन्ही नातवंडांना घेऊन जमिनीवर बसलो. आधी कॅरम काढला. सोंगट्यांची उतरंड रचली आणि स्ट्रायकरने सगळ्यात खालची सोंगटी उडवली. वरच्या सोंगट्या जागच्या जागी खाली बसल्या. धाकट्याने टाळ्या पिटल्या. मग एक फळी पुस्तकांवर तिरकी टेकवली, खाली एक जाड शब्दकोश आडवा ठेवला. नातवाची खेळण्यातली मोटार घेतली, तिच्या टपावर एक खोडरबर ठेवले आणि फळीवरून सोडली. मोटार शब्दकोशावर आदळून थांबली. खोडरबर उडून पलंगाखाली गेले. फळीखाली आणखी दोन पुस्तके घातली, खोडरबर भिंतीपर्यंत गेले. मग नातीने आपणहून वेणीचा एक रबरबँड काढून खोडरबर मोटारीला बांधले. मोटार तशीच आदळली, खोडरबर जागेवर राहिले. हा प्रयोग करायला पैसे लागत नाहीत आणि तो फसतही नाही. वाचकांनी आज दुपारी जरूर करून बघावा.

धाकट्याला खेळ हवा होता, त्याने पुन्हा पुन्हा मोटार सोडली. नात मात्र गप्प झाली होती. मोठ्या माणसांची वेळ साधून मुले जसा प्रश्न विचारतात, तसा तिने विचारला, "आजोबा, खोडरबर म्हणजे आमचा छोटू ना?"

मुलगा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होता. पान बराच वेळ उलटले गेले नव्हते. मग मीच १९८८ ची गोष्ट सांगितली, कुत्र्याला वगळून. त्याने काही उत्तर दिले नाही. नकळत त्याचा हात हनुवटीखाली गेला, एवढेच मी पाहिले. त्या जागेला दाढी नीट येत नाही.

त्या संध्याकाळी घरात एक लहान हेल्मेट आणि एक पट्टा आला. सोमवारी सकाळी मी पुन्हा गॅलरीत होतो. नातू बापाच्या पाठीशी बांधलेला, डोक्यावर निळे हेल्मेट, आणि पुढचे काही दिसत नाही म्हणून भोकाड पसरलेला. नातीच्या डोक्यावरही हेल्मेट होते. ते वेणीवर नीट बसत नाही म्हणून तिची स्वतःची कुरकुर होतीच. तरी ती मागून भावाची समजूत काढत होती. नियमाचे पाठ केलेले शब्द त्यात नव्हते.

"रडू नकोस रे," ती सांगत होती, "गाडी थांबते, आपण थांबत नाही."